दुर्गाडीच्या खाडीतील गलबत

कल्याण शहराच्या कडेने उल्हास नदीची खाडी वाहते आणि तिच्या काठी दुर्गाडीचा किल्ला उभा आहे. इ. स. १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे याच खाडीच्या परिसरात बांधली जाऊ लागली. आज तेथे पुलावरून मोटारींची रांग चाललेली असते, काठावर उंच इमारती दिसतात आणि आकाशात विजेच्या तारा ताणलेल्या असतात. त्या काळची खाडी कशी दिसत असेल, पाण्यात उतरलेले पहिले गलबत कसे डुलले असेल, हे पाहावे असे कोणाला वाटणार नाही? पण त्या प्रसंगाचे छायाचित्र असणे शक्यच नाही. कारण छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ साली, म्हणजे त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी.

समजा, कल्याणच्या एका शाळेत सातवीत शिकणाऱ्या मुलीने हे चित्र स्वतः तयार करण्याचे मनात आणले. शाळेचे प्रदर्शन जवळ आले होते. एका संध्याकाळी वडिलांबरोबर पलीकडच्या कोन गावाच्या तीरावर जाऊन तिने मोबाइलने किल्ल्याचे आणि खाडीचे छायाचित्र घेतले. घरी कपाटावर लाकडी गलबताची एक प्रतिकृती होती. ती टेबलावर ठेवून, खोलीतील दिव्याच्या उजेडात, तिचेही छायाचित्र घेतले. मग संगणकावर एका चित्रातील गलबत कापले आणि दुसऱ्या चित्रातील पाण्यावर ठेवले. हे काम अर्ध्या तासात आटोपले. पण तयार झालेले चित्र पाहून ती हिरमुसली. गलबत पाण्यावर तरंगत नव्हते. वहीच्या पानावर एखादे तिकीट चिकटवावे तसे ते चिकटलेले दिसत होते.

असे का व्हावे? गलबत खऱ्या वस्तूचे छायाचित्र होते, खाडीही खरी होती. दोन खऱ्या गोष्टी एकत्र येऊन खोटे का दिसावे? गाणे ऐकताना एखादा सूर चुकला, तर संगीत न शिकलेल्या माणसालाही तो खटकतो; मात्र काय चुकले हे त्याला सांगता येत नाही. आपल्या डोळ्यांचेही तसेच आहे. जन्मल्यापासून ते प्रकाश, सावली, अंतर आणि रंग यांची संगती पाहत आलेले असतात. ती संगती बिघडली की मन तत्काळ म्हणते, ‘हे खरे नव्हे.’ तेव्हा जोडचित्र खरे दिसावयास हवे असेल, तर ती संगती कोणती, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

चित्रे जोडण्याची ही युक्ती संगणकाबरोबर जन्मलेली नाही. ती छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणता येईल. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्राच्या काचांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली, तर आकाश पांढरेफटक होऊन जाई, आणि आकाशातील ढग टिपावेत, तर समुद्र काळाठिक्कर पडे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास यावर तोड काढली. आकाश एका काचेवर आणि समुद्र दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही त्याने एकाच कागदावर छापले. जोड क्षितिजाच्या रेषेवर आणल्यामुळे तो कोणाला दिसला नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही कला पडद्यावर आणण्याचा मान दादासाहेब फाळके यांचा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांना चित्रकला, छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोग या साऱ्यांचा अभ्यास होता. १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत लोकांपुढे आला. त्यानंतर १९१७ साली ‘लंकादहन’ आणि १९१९ साली ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत प्रेक्षकांनी असे चमत्कार पाहिले की जे रंगभूमीवर दाखविणे कठीण होते. त्या काळच्या चमत्कारांची एक रीत अशी असे : भिंगापुढचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकावयाचा आणि उरलेल्या भागात एक प्रसंग टिपावयाचा. मग फिल्म मागे गुंडाळून, पुठ्ठा दुसऱ्या बाजूस लावून, त्याच फिल्मवर दुसरा प्रसंग टिपावयाचा. कॅमेरा केसभर जरी हलला तरी जोड उघडा पडे. दोन वेळच्या उन्हात फरक पडला तरी सारे श्रम वाया जात. चूक पुसण्याची सोय नव्हती. म्हणून त्या कलावंतांना चित्र घेण्याआधीच सर्व विचार करून ठेवावा लागे.

आज चूक पुसण्याची सोय आहे. टॉमस नॉल आणि जॉन नॉल या अमेरिकेतील दोन भावांनी १९८७ पासून घडविलेले ‘फोटोशॉप’ हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. ‘जिंप’ नावाचे तशाच कामाचे सॉफ्टवेअर तर विनामूल्य मिळते. अशा सॉफ्टवेअरचे काम कसे चालते, ते थोडक्यात पाहू.

संगणकाला चित्र दिसत नाही. त्याच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांचा मोठा तक्ता होय. चित्र हजारो, लक्षावधी बारीक ठिपक्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे असतात. सामान्यतः हा आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. तिन्ही आकडे ० असले की ठिपका काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. एक चित्र दुसऱ्यावर ठेवण्यासाठी ‘लेयर’ म्हणजे थर वापरतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर असतात. वरच्या थराचा कोणता भाग दिसावा आणि कोणता झाकला जावा, हे ठरविणाऱ्या आवरणास ‘मास्क’ म्हणतात. मास्क जेथे पांढरा, तेथे वरचे चित्र दिसते. जेथे काळा, तेथे ते झाकले जाते. आणि जेथे करडा, तेथे दोन्ही चित्रे मिसळतात. कापलेले काही नष्ट होत नाही. मास्क पुन्हा रंगवून ते परत आणता येते.

हत्यार असे तयार आहे. पण करवत हाती आली म्हणून कोणी सुतार होत नाही. त्या मुलीच्या चित्रात नेमके काय चुकले होते, ते आता एकेक करून पाहू.

पहिली चूक डोळ्यांच्या पातळीची होती. ठाणे स्थानकाच्या फलाटावर गर्दीच्या वेळी उभे राहिले, तर एक गंमत दिसते. आपल्याएवढ्या उंचीची माणसे जवळ असोत की दूर, त्यांचे डोळे आपल्या डोळ्यांच्या सरळ रेषेत असतात. दूरच्या माणसाचे पाय मात्र वर सरकलेले दिसतात. खाली बाकावर बसून पाहिले, तर ही रेषा त्यांच्या कमरेवर किंवा छातीवर येते. या रेषेस क्षितिजरेषा म्हणतात. ती कॅमेऱ्याच्या उंचीवर अवलंबून असते आणि एका चित्रात ती एकच असते.

कोनच्या तीरावर ती मुलगी उभी होती, तेव्हा तिचा कॅमेरा पाण्यापासून सुमारे ३ मीटर उंच होता असे मानू. मग त्या चित्रात, पाण्यावरील कोणत्याही जहाजाचा, पाण्यापासून ३ मीटर उंचीचा भाग क्षितिजरेषेवरच यावयास हवा. जहाज जवळ असो वा दूर. पण घरात तिने प्रतिकृतीचे चित्र उभ्याने, वरून खाली पाहत घेतले होते. त्यामुळे गलबताची सारी फळी वरून दिसत होती. जणू खाडीवरून उडणाऱ्या बगळ्याने ते पाहिले असावे.

ही चूक सुधारण्यासाठी थोडे गणित करावे लागते. प्रतिकृती ६० सेंटिमीटर लांब होती आणि खरे गलबत १८ मीटर लांबीचे दाखवावयाचे होते. म्हणजे प्रतिकृती खऱ्याच्या तिसाव्या हिश्श्याची झाली. मग कॅमेऱ्याची उंचीही ३ मीटरच्या तिसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे १० सेंटिमीटर हवी. गलबत तीरापासून ६० मीटर दूर आहे असे दाखवावयाचे, तर कॅमेरा प्रतिकृतीपासून २ मीटरवर ठेवावयास हवा. टेबलापासून अवघ्या १० सेंटिमीटर उंचीवरून पाहताच ते खेळणे एकदम भव्य दिसू लागले. खाडीकाठच्या माणसाला खरे जहाज जसे दिसते, तसे ते आता दिसत होते.

दुसरी चूक प्रकाशाची. खाडीच्या चित्रात मावळतीकडे झुकलेला सूर्य तिच्या उजव्या खांद्यामागे होता. किल्ल्याच्या तटावर उजवीकडून पिवळसर ऊन पडले होते. घरातल्या चित्रात मात्र दिवा डोक्यावर होता. म्हणून गलबताच्या शिडाचा वरचा काठ उजळ आणि खालचा भाग काळवंडलेला होता. एका आकाशाखाली दोन सूर्य कसे असतील?

सूर्य कोठे आहे, हे सावली सांगते. सूर्य क्षितिजापासून ४५ अंश वर असला की काठीची सावली काठीइतकीच लांब पडते. सुमारे साडेसव्वीस अंशांवर उतरला की दुप्पट होते. मे महिन्याच्या मध्यास ठाणे-कल्याणच्या परिसरात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण दिसेनाशी होते. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भरदुपारीसुद्धा खांबाची सावली जवळजवळ खांबाइतकीच लांब, उत्तरेकडे पडलेली असते. सावलीवरून दिशा, वेळ आणि थोडाफार ऋतूही ओळखता येतो. म्हणूनच चुकीची सावली लगेच चुगली करते.

त्या मुलीने दिवा इकडेतिकडे हलवून पाहिला. पण जवळच्या दिव्याचे किरण पसरत जातात, सूर्याचे किरण मात्र जवळजवळ समांतर येतात. दिव्याची सावली म्हणूनच पुढे फाकत जाते. अखेर तिला सोपा उपाय सुचला. दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, ती प्रतिकृती घेऊन गच्चीवर गेली. खाडीकाठी कॅमेरा ज्या दिशेला रोखला होता, त्याच दिशेला तो गच्चीवरही रोखला. आता तोच सूर्य, तोच कोन आणि तोच पिवळा प्रकाश आपोआप मिळाला. जे संगणकावर तासन्‌तास खपून साधले नसते, ते सूर्याने फुकट करून दिले. जोडचित्राच्या कलेतील पहिला धडा हाच : जोडावयाची चित्रे आधी एका प्रकाशात घ्यावीत, सॉफ्टवेअरची पाळी त्यानंतर येते.

प्रकाशाबरोबर रंगही येतो. संध्याकाळचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. वाटेत त्यांतील निळा भाग इकडेतिकडे विखुरतो आणि उरलेला प्रकाश पिवळा-तांबूस दिसतो. पण सावलीत सूर्य पोहोचत नाही; तेथे आकाशाचा निळा उजेड असतो. म्हणून संध्याकाळची सावली नीट पाहिली तर निळसर दिसते. नवशिका सावली म्हणून काळा डाग रंगवितो आणि फसतो. सावली म्हणजे काळा रंग नव्हे. तो कमी झालेला प्रकाश आहे. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी गुणाकाराची रीत असते. पाण्याच्या ठिपक्याचा आकडा १६० असेल आणि सावलीत प्रकाश सहादशांश उरत असेल, तर १६० ला ०.६ ने गुणून ९६ येतात. पाण्यावरची प्रत्येक लहर जशीच्या तशी राहते, फक्त मंद होते. तांबडा आकडा थोडा अधिक आणि निळा थोडा कमी घटविला, की सावलीला निळसर छटाही येते.

तिसरी चूक पाण्याची होती. वस्तू ज्या ठिकाणी दुसऱ्या वस्तूला टेकते, तेथे एक बारीक, गडद रेषा असते. कारण त्या फटीत उजेड शिरत नाही. जमिनीवर ठेवलेल्या तांब्याच्या बुडाशी पाहा, ती दिसेल. ही रेषा नसली की वस्तू अधांतरी तरंगते. पाण्यावर आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे प्रतिबिंब. सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूस तिरकी पडते. प्रतिबिंब मात्र वस्तूच्या सरळ खाली दिसते. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी रात्री दिवे लागले की त्यांच्या उजेडाच्या लांब उभ्या पट्ट्या पाण्यात उतरतात, त्या यामुळेच. लाटा असल्या की प्रतिबिंब तुटते आणि लांबते.

तेव्हा गलबताचेच चित्र उलटे करून खाली ठेवले की काम झाले, असे वाटेल. पण तेही पूर्ण खरे नाही. पाणी आरशाप्रमाणे वस्तूची खालची बाजू दाखविते. उभ्या माणसाला टोपीचा वरचा भाग दिसत असला, तरी पाण्यातील प्रतिबिंबात टोपीच्या कडेची खालची बाजू दिसेल. म्हणून त्या मुलीने गच्चीवर प्रतिकृती एका जुन्या आरशावर ठेवली. खरे प्रतिबिंब चित्रातच मिळाले. मग सॉफ्टवेअरमध्ये तिने ते लाटांप्रमाणे थोडे मोडले, थोडे काळसर केले आणि खाडीच्या गढूळ पाण्याचा रंग त्यात मिसळला.

चौथी चूक कडांची. गलबताच्या डोलकाठीला दोरखंड होते आणि त्या दोरखंडांच्या मधून पहिल्या चित्रात घराची पांढरी भिंत दिसत होती. कात्रीने कापल्यासारखी कड घेतल्यामुळे गलबताभोवती पांढरी किनार उमटली होती. निसर्गात अशी कातरलेली कड क्वचितच असते. कडेवरच्या ठिपक्यात अर्धे गलबत आणि अर्धे पाणी असते. गलबताचा आकडा ८० आणि पाण्याचा १६० असेल, तर त्या ठिपक्याचा आकडा १२० असावयास हवा. यासाठी मास्कची कड किंचित मऊ करतात. गच्चीवर प्रतिकृतीच्या मागे आकाश असल्याने हे काम सोपे झाले. दोरखंडांच्या मधून आता भिंतीऐवजी आकाशच दिसत होते.

पाचवी गोष्ट हवेची आणि भिंगाची. आकाश निरभ्र असले म्हणजे कल्याण-डोंबिवलीहून मलंगगड दिसतो. पण तो जवळच्या टेकडीसारखा हिरवा-काळा दिसत नाही, निळसर आणि फिकट दिसतो. मधल्या हवेतील कण आणि बाष्प प्रकाश विखुरतात आणि तो विखुरलेला प्रकाश दूरच्या काळ्या भागावर पातळ पडद्यासारखा पसरतो. म्हणून दूर ठेवलेल्या वस्तूत गडद काळा रंग राहू देऊ नये. याउलट जवळून घेतलेल्या लहान वस्तूच्या चित्रात नाळ स्पष्ट आणि मागचा भाग पुसट, असे पुष्कळदा होते. साठ मीटरवरच्या खऱ्या जहाजाच्या बाबतीत असे घडत नाही. त्या पुसटपणावरूनच डोळा ओळखतो, की हे खेळणे आहे. सबंध गलबत सारखेच स्पष्ट यावे, म्हणून भरपूर उजेडात आणि बेताच्या अंतरावरून चित्र घ्यावे लागते. शिवाय कमी उजेडात घेतलेल्या चित्रात बारीक रवाळपणा असतो. एक चित्र रवाळ आणि दुसरे गुळगुळीत असले, तर तेही खटकते. तेव्हा दोहोंचा पोत सारखा करावा लागतो.

हे सारे झाल्यावर त्या मुलीने पूल, तारा आणि इमारती पुसल्या. शेजारचे आकाश, झाडी आणि पाणी यांचे तुकडे घेऊन त्यांनी ती जागा भरली. एकच झाड दोनदा दिसू लागताच तिने त्याचा आकार बदलला. मग चित्र डावे-उजवे उलटे करून पाहिले. कारण फार वेळ पाहिलेल्या चित्रातील चूक डोळ्याला दिसेनाशी होते आणि उलट्या चित्रात ती पुन्हा दिसते. रंग काढून काळ्या-पांढऱ्यात पाहिले आणि दहा पावले दूर जाऊनही पाहिले. आता गलबत तरंगत होते.

आजोबांनी चष्मा लावून ते चित्र पाहिले आणि ते विस्मयाने म्हणाले, “अगं, हा इतका जुना फोटो तुला मिळाला तरी कुठे? जन्म कल्याणात गेला, पण असा फोटो मी कधी पाहिला नव्हता!”

तिला प्रथम फार आनंद झाला. इतक्या दिवसांच्या श्रमांना याहून मोठी पावती कोणती मिळणार? पण आजोबा शेजाऱ्यांना बोलावून तो ‘जुना फोटो’ दाखवू लागले, तेव्हा तिचे मन अस्वस्थ झाले. आजोबांचा तिच्यावर विश्वास होता. आणि त्या विश्वासामुळेच त्यांची समजूत चुकीची झाली होती. तिने लागलीच त्यांना खरे सांगितले आणि गच्चीवरचा आरसा दाखविला. आजोबा हसले; पण दुसऱ्या दिवशी शाळेत इतिहासाच्या शिक्षकांनी जो प्रश्न विचारला, त्याने ती अधिकच विचारात पडली. तिने चित्राखाली ‘कल्याणची खाडी, १६५७’ असे लिहिले होते. शिक्षक म्हणाले, “कल्याण स्वराज्यात आल्यावर हा किल्ला बांधला गेला. मग १६५७ साली तो असा पुरा बांधून झालेला कसा दिसेल?”

चित्रातील प्रकाश खरा होता, सावली खरी होती, प्रतिबिंब खरे होते; तरी चित्र खरे नव्हते. खरे दिसणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्या प्रश्नाने शिकविले.

जगाच्या इतिहासात याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इंग्लंडमधील कॉटिंग्ली या खेड्यात १९१७ साली १६ वर्षांची एल्सी आणि ९ वर्षांची फ्रान्सिस या दोघी बहिणींनी, नात्याने त्या मावसबहिणी होत्या, पऱ्यांची छायाचित्रे घेतली. जाणकारांनी काचा तपासल्या. त्यांत कोठेही जोड आढळला नाही. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल यांच्यासारख्या विद्वान लेखकानेही १९२० साली ती चित्रे खरी मानून एका मासिकात प्रसिद्ध केली. वस्तुतः त्या पऱ्या कागदावर काढून, कापून, टाचण्यांनी गवतात उभ्या केलेल्या होत्या. जोड चित्रात नव्हताच. लबाडी कॅमेऱ्यापुढे होती. मुलींनी गंमत म्हणून केलेली गोष्ट इतकी वाढली, की ती कबूल करण्याचे धैर्य त्यांना १९८३ साली, म्हणजे उतारवयात झाले. एका गमतीचे ओझे त्यांनी जवळजवळ ६६ वर्षे वाहिले.

आता तर नुसते शब्द लिहिले की संगणक आपण होऊन चित्र रचून देतो. पूर आला, दंगा झाला किंवा निवडणूक आली, की खोटी चित्रे मोबाइलवरून घरोघर फिरतात आणि भोळी माणसे घाबरतात किंवा एकमेकांवर संतापतात. अशा वेळी जोडचित्राची कला शिकलेला माणूस थोडा थांबतो आणि स्वतःस विचारतो : सावल्या एका दिशेला आहेत का? प्रतिबिंब सरळ खाली आहे का? कडा कशा आहेत? हे चित्र कोणी, कोठे आणि केव्हा घेतले? ज्याला जोड लपविता येतो, त्याला तो शोधताही येतो. मात्र कॉटिंग्लीची गोष्ट सांगते, की डोळ्यांची परीक्षा पुरेशी नसते. चित्राबरोबर सांगितलेली हकिगतही तपासावी लागते.

म्हणून ही कला टाकाऊ ठरत नाही. फाळक्यांच्या प्रेक्षकांना आपण चित्रपट पाहत आहोत हे ठाऊक होते. त्यामुळे त्यांना मिळालेला आनंद निर्मळ होता. चित्रकाराने कल्पनेने काढलेल्या चित्रास कोणी खोटे म्हणत नाही. कारण ते कल्पनेचे आहे हे तो लपवीत नाही. जोडचित्रालाही तोच नियम लागू आहे. जोड चित्रात लपवावा, पण माणसांपासून लपवू नये.

प्रदर्शनाच्या दिवशी ते चित्र भिंतीवर लागले. त्याच्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘कल्पनाचित्र. खाडी व किल्ला आजचे. गलबत लाकडी प्रतिकृतीचे. पूल व इमारती पुसलेल्या.’ शेजारी तिने मूळची दोन्ही छायाचित्रेही लावली होती. लोक आधी मोठे चित्र पाहत, मग खालच्या ओळी वाचत आणि पुन्हा मागे वळून चित्राकडे पाहत. त्या दुसऱ्या वेळच्या पाहण्यात फसगत नव्हती, कौतुक होते. गर्दीत आजोबाही होते. ते प्रत्येकाला आवर्जून सांगत होते, “खालचे आधी वाचा, मग चित्र पाहा!”

स्वाध्याय

१. दोन खरी छायाचित्रे जोडूनही पहिले चित्र खोटे का दिसले? पाच कारणे लिहा.
२. प्रतिकृती खऱ्या जहाजाच्या विसाव्या हिश्श्याची असती, तर कॅमेरा टेबलापासून किती उंचीवर आणि प्रतिकृतीपासून किती अंतरावर ठेवावा लागला असता?
३. सावली आणि प्रतिबिंब यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. ‘खरे दिसणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.’ पाठाच्या आधारे या विधानाचा अर्थ सांगा.
५. घराजवळील एका खांबाची सावली सकाळी, दुपारी आणि सायंकाळी मोजा व तिची लांबी आणि दिशा वहीत नोंदवा.